गुरुजींचे पाच स्टार

हर्षदाने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, प्रिंटरच्या मागे सरकवलेली निळी वही काढली आणि 'द'चं पान उघडलं. दिनानाथ गुरुजी. ईमेल, पासवर्ड आणि खाली बारीक अक्षरात 'पेन्शनचा फॉर्म'. दुपारचे दोन वाजले होते. कात्रपच्या त्या गल्लीत दोन ते चार कुणी फिरकत नाही. तिने पासवर्ड टाकला, उल्हासनगरच्या त्या डोळ्यांच्या हॉस्पिटलचं पान उघडलं आणि पाचही स्टार एका दमात पिवळे करून टाकले.

मग मात्र ती थबकली. आधीचे अठ्ठावीस रिव्ह्यू तिने हात चालेल तसे खरडले होते. 'डॉक्टर लय भारी, पैसे घेतले नाहीत', 'गरिबांचा देव', असलेच. गुरुजींच्या नावावर असलं चालणार नव्हतं. बारवीकडच्या आश्रमशाळेत तीस वर्षं शिकवलेला माणूस. साधा अर्ज करायचा तरी आधी पाठकोऱ्या कागदावर कच्चा लिहून आणायचा. त्यांचे कितीतरी अर्ज तिने टाइप केले होते. त्यांची वाक्यं कशी उठतात, कशी बसतात, तिला ठाऊक होतं.

'मी एक निवृत्त शिक्षक आहे,' तिने लिहिलं. 'माझ्या परिचयातील एका वृद्ध आदिवासी भगिनीची शस्त्रक्रिया येथील डॉक्टरांनी एक पैसाही न घेता केली. पिवळी शिधापत्रिका दाखविताच स्वतः उठून तिला खुर्ची दिली. अशी माणसे आज दुर्मीळ झाली आहेत. गरजूंनी अवश्य लाभ घ्यावा.'

'अवश्य' हा शब्द तिला स्वतःलाच फार आवडला. तिने बटण दाबलं आणि मनापासून हसली. कुणाचं वाटोळं व्हावं म्हणून इतकं गोड लिहिणारी अख्ख्या बदलापुरात ती एकटीच असेल.

हर्षदाचा त्या हॉस्पिटलवर राग होता असं म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं. चार महिन्यांपूर्वी तिच्या सासूचं, सगुणाबाईंचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन तिथे झालं. तिसऱ्या दिवशी डोळा लाल झाला. पाचव्या दिवशी पू आला. महिन्याभराने तो डोळा नावापुरता उरला, दह्यासारखा पांढरा. डॉक्टरांना तिथे सगळे अभिजीत सर म्हणत. अभिजीत सरांनी फाइल बंद केली आणि घड्याळाकडे बघत म्हणाले,

"इन्फेक्शन कुणालाही होऊ शकतं. तुम्ही डोक्यावरून पाणी घेऊ दिलं असणार."

घेऊ दिलं नव्हतं. पंधरा दिवस हर्षदाने ओल्या फडक्याने सासूचं अंग पुसलं होतं, कानामागून, मानेवरून, लहान मुलाचं पुसावं तसं. ते वाक्य तिने तिथेच उचललं आणि घरी आणलं. 

आणि खरं दुखणं पुढेच होतं. ते हॉस्पिटल निवडलं होतं हर्षदानेच. नवरा, नितीन, अंबरनाथच्या एमआयडीसीत शिफ्टवर जायचा. तो म्हणत होता, सरकारी हॉस्पिटलात नंबर लावू, उशीर झाला तर झाला. हर्षदाने ऐकलं नाही. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून लोकांचे फॉर्म भरणारी बाई ती, तिने रीतसर शोधलं. चार पूर्णांक नऊ स्टार. तीनशेच्या वर रिव्ह्यू. त्यातला एक तिला अजून पाठ होता : 'ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी आईला देवघरातली वात दिसली. तिने सरांचे हात हातात घेतले.' खाली नाव, वैदेही. ती वात हर्षदाला इतकी खरी वाटली, की तिने त्याच संध्याकाळी फोन करून तारीख घेतली.

वैदेही कोण, ते डोळा गेल्यावर कळलं. रिसेप्शनवरची मुलगी. गळ्यातल्या ओळखपत्रावर नाव होतं. शेवटच्या तपासणीला बाकड्यावर बसल्या बसल्या हर्षदाने सगळा प्रकार पाहिला. सुट्टी मिळालेल्या पेशंटला फाइल देण्याआधी वैदेही हात पुढे करायची, "मोबाईल द्या ना एक मिनिट," म्हणायची, आणि त्यांच्याच मोबाईलवरून त्यांच्याच नावाने पाच स्टार देऊन मोकळी व्हायची. डोळ्याला पट्टी लावलेली माणसं बिचारी मुकाट उभी असायची. हर्षदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी तिला कुणी फाडून खाल्लं नाही. नितीन एकदाच म्हणाला,

"तुझा मोबाईल बोलला होता ना, चांगलं आहे म्हणून?"

तेवढंच. नंतर तो जास्तीत जास्त रात्रपाळ्या मागून घेऊ लागला. सगुणाबाई तर अवाक्षर बोलल्या नाहीत. मांजर्लीतल्या त्या दोन खोल्यांत भिंतीला हात लावत त्या फिरायच्या. एका डोळ्याने अंतर कळत नाही, त्यामुळे चहा ओतताना धार कपाच्या बाहेर पडायची. "कप कुठं हाय गो?" असं हसून विचारायच्या आणि हर्षदा फडकं घेऊन धावायची. सासूने दोन शिव्या हासडल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

आधी तिने खरं तेच लिहिलं होतं. स्वतःच्या नावाने, एक स्टार, सोबत डोळ्याचा फोटो. खाली हॉस्पिटलचं गोड उत्तर आलं : रुग्णाने शस्त्रक्रियेनंतर सूचना पाळल्या नाहीत, तरी आम्ही त्यांच्या उत्तम आरोग्याची कामना करतो. दोन दिवसांत पंधरा नवे पाच स्टार येऊन पडले आणि तिचं खरं खाली खाली गेलं. इतकं खाली कोण जातं? ती तरी कुठे गेली होती?

तेव्हा तिला निळी वही आठवली.

वहीची गोष्ट साधी होती. जातीचा दाखला, रेशनकार्ड, शाळेचा प्रवेश, कशाचाही फॉर्म भरायचा तर ईमेल लागतो. लोकांकडे तो नसतो. हर्षदा काढून द्यायची. "मॅडम, पासवर्ड तुमच्याकडेच लिहून ठेवा, आमच्याकडून हरवतो," असं प्रत्येकजण म्हणायचा. ती लिहून ठेवायची. फक्त एक गोष्ट ती सगळ्यांना बजावून सांगायची : मोबाईलवर आकडे आले तर ते कुणाला सांगायचे नाहीत, मला पण नाही. सहा वर्षांत त्या वहीत कात्रपपासून वांगणीपर्यंतची माणसं जमली होती, खऱ्या नावागावाची.

शिव्यांनी ते हॉस्पिटल पडणार नव्हतं. मग स्तुतीने पाडू. डॉक्टर पिवळ्या कार्डावर फुकट ऑपरेशन करतात, डॉक्टर म्हाताऱ्यांना घरी येऊन बघतात, नंबर लावावा लागत नाही. लोक येतील, हाकलले जातील, चिडतील, आणि मग स्वतःच्या नावाने, स्वतःच्या हाताने एक एक स्टार ठोकतील. त्यांचं खरं कोणाला पुसता येणार नाही.

तसंच झालं. पहिल्या आठवड्यात चार पूर्णांक नऊचे चार पूर्णांक सात झाले. दुसऱ्या आठवड्यात चार पूर्णांक दोन. 'फुकट म्हणतात आणि हाकलून देतात', 'रिसेप्शनवाली मुलगी अंगावर ओरडते', 'माझ्या वडिलांना उन्हात उभं केलं'. हर्षदा रोज सकाळी देवाला दिवा लावावा तितक्या नेमाने ते पान उघडायची. आकडा खाली आला की दिवसभर तिचा हात हलका चालायचा. गिऱ्हाइकांना वाटायचं, मॅडम खुशीत आहेत.

तीन पूर्णांक आठ झाले त्या शनिवारी तिने ठरवलं, हे आईंना दाखवायचं. उरलेल्या डोळ्याने त्यांनी बघावं. कापड घ्यायला जाऊ म्हणून तिने सगुणाबाईंना तयार केलं. त्यांनी नवं लुगडं नेसलं, काळा चष्मा लावला.

हॉस्पिटलच्या समोर एका सिंधी म्हाताऱ्याची दाल-पकवानची गाडी होती. पुढ्यात दोन बाकडी. हर्षदाने सासूला बसवलं, दोन प्लेट सांगितल्या. पलीकडे पायऱ्यांवर पन्नासेक माणसं उभी होती. दारात वैदेही, केस विस्कटलेले, हातात कागद.

"लाइन में खडे रहो! कितने बार बोलू? काका, तुम्ही मागे व्हा, तुमचा नंबर नाहीये!"

"मोबाईलात लिहिलंय ना फ्री!" कुणीतरी ओरडलं.

हर्षदाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिने सासूच्या हातावर हात ठेवला.

"आई, बघितलं? महिन्यापूर्वी ही पोरगी मान वर करून बोलत नव्हती. हे सगळं मी केलंय." आणि तिने सांगितलं. वही, नावं, पाच स्टार, सगळं. चार महिन्यांत पहिल्यांदा ती सासूशी इतकं सलग बोलली.

सगुणाबाईंनी पकवानचा तुकडा मोडला, डाळीत बुडवायला गेल्या, तो वाटीच्या बाजूला टेकला. त्यांनी पुन्हा नेम धरला.

"ये सगला तू केलास?"

"हो."

"लोकांच्या नावानी?"

"त्यांना कळत पण नाही, आई. त्यांचं काय जातंय?"

सगुणाबाईंनी घास तोंडात घातला आणि पलीकडे बघत राहिल्या. काळ्या चष्म्यामागे काय चाललंय ते हर्षदाला दिसेना. तिला शाबासकी हवी होती, निदान एक हुंकार तरी.

गाडीवाल्या म्हाताऱ्याने न विचारता माहिती पुरवली. "अब तो रोज मेला है, बेन. लेकिन डॉक्टर होशियार है. अब हर शनिवार दो गरीब का ऑपरेशन फ्री करता है. हार पहनाके फोटो निकालता है, मोबाईल पे डालता है. देखना, फिर ऊपर जाएगा."

हर्षदाचा हात प्लेटवर थांबला. डॉक्टरही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तिने त्याच्यासाठी खणलेल्या खड्ड्यात त्याने झाड लावायला घेतलं होतं. तिने संतापाने प्लेट बाजूला सारली.

"मॅडम? तुमी हितं?"

तिने वर पाहिलं. खांद्यावर टॉवेल, पायात रबरी चपला, काखेत प्लॅस्टिकची पिशवी. सुकऱ्या. बारवीच्या वरच्या वाडीतला. मागच्याच वर्षी त्याच्या मुलीच्या दाखल्यासाठी तो पाच वेळा दुकानात आला होता. मागे त्याची बायको, चंद्री, पदर डोळ्यांवर ओढून, त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून उभी होती.

"बसा ना," हर्षदाने जागा करून दिली. पाण्याची बाटली पुढे केली. "इकडे कुठे?"

"हिच्या डोल्याला." सुकऱ्या खुशीत होता. आधी चंद्रीला पाणी पाजून मग तो स्वतः प्यायला. "आज दोन वाजता करनार. फुकाट. नंबर लागला आमचा, दोघांतला एक. हार घालनार, फोटू काढनार म्हनं."

"कुणी सांगितलं तुला इथलं?"

"गुरुजीनं लिवलंय ना!" त्याने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. "आमचा पुतन्या, प्रेम, ग्यारेजला हाय बदलापुरात. त्यानं मोबाईलात बघितलं. म्हनला, काका, आपल्या गुरुजींचं नाव हाय. मंग छापूनच आनलं. वाडीत वाचून दावलं समद्यांला."

हर्षदाने कागद हातात घेतला नाही. त्यावर काय आहे ते तिला पाठ होतं. 'गरजूंनी अवश्य लाभ घ्यावा.'

"सरकारीत तारीख भेटली व्हती," सुकऱ्या सांगत होता. "मंगलवारची. पर गुरुजी म्हनतात तर हितंच बरं. गुरुजी नाशिकला लेकाकडं गेलं, तरी आमची आठवन ठेवली बगा. मंग ती तारीख सोडली."

"सुकऱ्या, इथे नको करू." हर्षदाचा आवाज तिलाच परका वाटला. "मंगळवारी जा. तिकडेच जा."

"का वो मॅडम?"

"इथे चांगलं नाही."

"गुरुजीनं लिवलंय," सुकऱ्या समजुतीने म्हणाला. जणू चूक मॅडमची होती आणि त्यांना न दुखवता ती सांगायची होती.

"गुरुजींना माहीत नसेल."

"गुरुजींना?" तो हसला. "एकच डोला हाय मॅडम हिचा. दुसऱ्यात लहानपनीच काटा गेला. उगा कुनाचंबी ऐकून आलो नसतो. गुरुजीनं लिवलं म्हनून आलो."

चंद्रीने पदर जरा मागे केला. तिचा उजवा डोळा मिटलेला, आत ओढलेला होता. डाव्यावर मोतीबिंदूची साय होती. त्या सायीतून ती आवाजाच्या दिशेने, हर्षदाच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला बघत होती.

सांगायला फक्त तीन शब्द पुरे होते. ते मी लिहिलं. हर्षदाने तोंड उघडलं आणि तिच्या डोळ्यांपुढे वही आली, कात्रपचं दुकान आलं, पाटीवरचं स्वतःचं नाव आलं. एकदा हे बाहेर पडलं की तिच्या टेबलासमोर कोण बसेल? तिने तोंड मिटलं. स्वतःची इतकी किळस तिला कधी आली नव्हती, आणि तरी शब्द फुटेना.

सगुणाबाई उठल्या. बाकड्याच्या कडेला हात लावत चंद्रीच्या समोर आल्या. चष्मा काढला.

"बग बाय," त्या म्हणाल्या. "जवल ये. नीट बग."

चंद्री पुढे झाली. दोघींचे चेहरे वीतभर अंतरावर आले. चंद्रीने बोट उचललं, सगुणाबाईंच्या गालाला लावलं, वर सरकवलं आणि पापणीशी थांबवलं.

"याच डाक्टरनी केला," सगुणाबाई म्हणाल्या. "मना दुसरा तरी हाय. तुना नाय."

पलीकडे कुणाचातरी नंबर पुकारला जात होता. चंद्रीने नवऱ्याच्या सदऱ्याचं टोक सोडलं आणि सगुणाबाईंचा हात धरला. ती हॉस्पिटलकडे पाठ करून उभी राहिली. सुकऱ्या एकदा त्या पांढऱ्या डोळ्याकडे, एकदा हातातल्या कागदाकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरची खुशी उतरली होती आणि तिच्या जागी काय आणावं ते त्याला सुचत नव्हतं.

"मंग गुरुजीनं असं का लिवलं?" तो हळू म्हणाला. जरा वेळाने त्याला उत्तर सापडलं. "पैसं दिलं असत्याल ह्यांनी. म्हातारपनी मानूस बदलतं."

त्याने कागद चुरगाळला. फेकला मात्र नाही, पिशवीत टाकला. वाडीत दाखवायचा असणार.

सगुणाबाईंनी हर्षदाकडे मान वळवली. उरलेल्या डोळ्याने त्या बराच वेळ बघत राहिल्या. वाट बघत होत्या. हर्षदा पायाखालच्या डाळीच्या डागाकडे बघत राहिली.

"चला," शेवटी सगुणाबाई त्या दोघांना म्हणाल्या. "सरकारीत जाव. मंगलवार परत मागून घेव. मी बोलतं त्यांच्याशी." हर्षदाही उठली, तसा त्यांनी हात आडवा केला. "तू थांब इथं. तुजा तमाशा बग."

रिक्षात बसताना सुकऱ्याला आठवलं. तो परत आला आणि पाण्याची अर्धी बाटली हर्षदाच्या बाकड्यावर नीट उभी करून ठेवून गेला.

तमाशा तिने पाहिला. दोन वाजता अभिजीत सर स्वतः बाहेर आले. अंगावर निळा कोट, मागे हार घेतलेला वॉर्डबॉय. लोकांनी त्यांना घेरलं. कुणी पिवळं कार्ड नाचवत होतं, कुणी बाहीला धरत होतं, एका बाईने तर त्यांचा कोट मागून ओढला. ज्या चेहऱ्याने घड्याळाकडे बघत पाण्याचा आरोप केला होता, तो चेहरा घामाने थबथबला होता. हे बघायला हर्षदा महिनाभर जगली होती. तिला काही म्हणजे काही वाटलं नाही.

"चंद्री!" वैदेहीने कागद बघून पुकारलं. "चंद्रीबाई कोण आहे? बारवीवाली? आलीये का?"

तीनदा पुकारलं. मग पायऱ्यांवरच्या एका म्हातारीने हात वर केला.

"ती नाय तं मला घ्या ना पोरी. सकालपास्नं उभी हाय."

हर्षदा रस्ता ओलांडून कधी गेली ते तिला कळलं नाही. एका रिक्षावाल्याने कचकन ब्रेक दाबून तिला शिवी दिली. तिने म्हातारीचा दंड धरला.

"आजी, जाऊ नका. इथे नका करू."

"सोड!" म्हातारीने हात झटकला. "माजा नंबर पायजे व्हय तुला? लाजबीज काय हाय का?"

"ओ ताई, लाइन तोडू नका!" मागून ओरडा झाला. कुणीतरी तिला खांद्याने बाजूला सारलं. म्हातारी वैदेहीचं बोट धरून पायऱ्या चढली, वॉर्डबॉयने हार पुढे केला, आणि काचेचं दार लागलं.

दुकानात परतली तेव्हा साडेचार वाजले होते. शटरपुढे दोन गिऱ्हाइकं उभी होती. तिने त्यांना उद्या या म्हणून सांगितलं. मग वही उघडली आणि एकेका नावाने आत जाऊन पुसायला सुरुवात केली. लिहायला महिना लागला होता, पुसायला तास पुरला. अठ्ठावीस गेले. मग तिने रोजच्या सवयीने आकडा पाहिला : तिचे अठ्ठावीस जाऊनही तीन पूर्णांक नऊ, सकाळपेक्षा वरच. हार घातलेल्या म्हातारीचा फोटो वर आला होता. एक डोळा पट्टीखाली, दुसरा कॅमेऱ्याकडे. खाली पाच स्टार.

उरले गुरुजी. तिने पासवर्ड टाकला. या वेळी पान उघडलं नाही. मुलाने नवा फोन घेऊन दिला असावा. आत जायचं तर त्या फोनवर आकडे जाणार आणि ते इथे टाकावे लागणार. गुरुजींचे पाच स्टार तसेच पिवळे होते. खाली लिहिलं होतं, सत्तेचाळीस जणांना हा रिव्ह्यू उपयोगी वाटला.

 समोरच्या गिरणीचा पट्टा फिरत होता. नितीनचा फोन येऊन गेला, तिने उचलला नाही. सगुणाबाईंचा आला, तो उचलला.

"मंगलवारची तारीख भेटली परत," त्या म्हणाल्या. "हात जोरले तेवा. मी रवतं ह्यांच्यासंगती, बारवीच्या गारीत बसवून येतं." आणि लगेच, "तुजा झाला का बगून?"

फोन बंद झाला. हर्षदाने वहीतून गुरुजींचा नंबर शोधला. तिसऱ्या रिंगला उचलला गेला.

"गुरुजी, मी कात्रपवरून हर्षदा. फॉर्मवाली."

"अरे वा! हर्षदा! कशी आहेस बाळा? पेन्शन वेळेवर येते हो. तुझी कृपा."

"गुरुजी, तुमच्या फोनवर आत्ता सहा आकडे येतील. ते मला…" तिने पेन उचललं. "ते मला सांगाल?"

पलीकडे चष्मा शोधल्याचा आवाज आला, मग कागदाची सळसळ. कशासाठी हवेत, ते तिने सांगितलं नव्हतं. त्यांनीही विचारलं नाही.

"लिहून घे," गुरुजी म्हणाले, आणि मुलांना पाढे सांगावेत तसे एक एक आकडा सुटा करून सावकाश सांगितले. शेवटचे दोन पुन्हा सांगितले, चुकायला नकोत म्हणून. "तू नेहमी बजावायचीस ना, कुणाला सांगू नका म्हणून? सुनेने विचारलं असतं तर मी तिलाही दिले नसते. पण तू म्हणजे आपली. झालं का काम? ठेवू?"

वहीच्या कोऱ्या पानावर सहा आकडे होते. पेन तिच्या हातातच होतं.

"नाही गुरुजी," हर्षदा म्हणाली. "फोन ठेवू नका. आकडे कशाला हवेत, ते सांगते."